तिच्या दुखण्याचा आकडा

बायको होती तोवर देवाचं सगळं ती बघायची, मी नुसता सोबतीला. आमच्या लालबागच्या चाळीमागे दत्ताचं लहानसं देऊळ आहे, अंगणात औदुंबर. दर गुरुवारी ती एकवीस प्रदक्षिणा घालायची आणि मी बाहेर कट्ट्यावर चपला राखत बसायचो. पण हे घडलं तेव्हा मी दत्तावर चिडलो होतो. खरं सांगायचं तर तिच्यावरही.

तीन बाळंतपणांनंतर तिला खोकलं, शिंकलं की लघवी सुटायची. एका डॉक्टरने लघवीच्या वाटेला खालून आधार म्हणून जाळीची बारीक पट्टी बसवली. लघवी सुटायची थांबली आणि दुखणं सुरू झालं. त्याच्या आधीची ती मला अजून डोळ्यांसमोर दिसते. दादरच्या फुलबाजारात शेवंती उलटीपालटी करून "देवाक शिळी घालू काय रे मेल्या?" म्हणून फुलवाल्याला झापणारी. चाळीत हळदीकुंकू असलं की मांडी घालून तासभर हलायची नाही, हसण्याचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत यायचा. पट्टीनंतर ही बाई बसेनाच. चहा उभ्याने, जेवणही उभ्याने. मी म्हणायचो, "नाटकं पुरे." हे मी म्हटलेलं आहे, लपवत नाही.

परळच्या एका इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, तर तुमचं दुखणं किती? हिने खाली मान घातली आणि माझ्याकडे बघितलं. आमच्यात कमरेखालचं दुखणं बाई परक्यासमोर बोलत नाही, नवरा बोलतो. मी म्हणालो, "चार असेल." चौथी शिकलेला माणूस मी, पण दुकानात जन्मभर कापड मोजलं, मला वाटायचं मापातलं आपल्याला कळतं. बाई म्हणाल्या, चार असेल तर पट्टी काढायची घाई नको, काढल्यावर लघवी परत सुटू शकते, गोळ्या घ्या. सहा महिन्यांनी परत गेलो. परत तोच प्रश्न, परत मीच, परत चार. परत गोळ्या.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा बाहेरच्या बाकावर बायकांची रांग होती. ही भिंतीला टेकून उभी. बाकावरची एक बाई सरकून म्हणाली, "बस की गं ताई, जागा आहे." ही म्हणाली, "उभीच बरी." त्या बाईने हिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पट्टी ना? माझी काढली. आज दाखवायला आलेय. तू आकडा किती सांगितलास?"

"चार," मी सांगितलं.

ती गर्रकन माझ्याकडे वळली. "तुम्हाला विचारलं का मी? तुम्हाला घातलीय पट्टी?"

बाकावरच्या सगळ्या बायका खदखदून हसल्या. माझी बायकोपण हसली. किती दिवसांनी हसली होती! मला राग आला.

"आकडा राहू दे," ती हिला म्हणाली. "तुला काय काय करता येत नाही ते सांग."

ही माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "प्रदक्षिणा. एकवीस घालायचे. आता तिसऱ्याला झाडाक धरून उभी ऱ्हवतंय. ह्यांका वाटता एकवीस झाले." बाकीचं तिने त्या बाईच्या कानाशी सांगितलं. काय ते मी ओळखलं. आमच्या अंथरुणातलं असणार, कारण मी त्यावरूनही तोंड वाकडं केलं होतं.

"हेच आत सांगायचं," बाई म्हणाली. मग मला, "काका, तुम्ही इथंच बसा. माझी पिशवी सांभाळा." आणि हिचा हात धरून आत गेली.

मी परक्या बाईची पिशवी मांडीवर घेऊन बसलो. दोघी बाहेर आल्या तेव्हा हिचे डोळे ओले होते, चेहरा मात्र मोकळा. कागदावर नऊ लिहिलं होतं. आधीच्या दोन कागदांवर चार, चार. ते दोन्ही माझे होते.

मी त्या बाईला हात जोडले, म्हटलं, "दत्तानेच धाडलं तुम्हाला." ती म्हणाली, "मी नायगावच्या बीडीडी चाळीतली, बौद्ध. माझ्या वेळी मलापण एका बाईनेच सांगितलं होतं. दत्ताचं तुम्ही बघा." पिशवी घेऊन ती स्वतःच्या नंबराला आत गेली. नाव विचारायचं राहून गेलं. पुढे दर खेपेला त्या बाकावर मी तिला शोधायचो. दिसली नाही.

पट्टी काढायच्या ऑपरेशनच्या दिवशी मी नवस बोललो नाही. एवढंच म्हणालो, देवा, तुझं तू कर, मी आता मधे बोलत नाही.

दुखणं एकदम गेलं नाही. दीड महिन्याने तिने सहा सांगितलं, मग चार, वर्षाने दोन. प्रत्येक वेळी तिने सांगितलं, मी दाराबाहेर. लघवी परत थोडी सुटायला लागली. मी हळहळलो तर म्हणाली, "कपडो धुवक येता, दुखणा धुवक येणा नाय." प्रदक्षिणा अकरा व्हायच्या. त्या मी कट्ट्यावरून नाही, मागोमाग चालून बघितल्या. तसे आम्हाला तीन वर्षं गुरुवार मिळाले. आमच्या संसारातली ती सगळ्यात चांगली वर्षं होती, असं म्हटलं तर आमची मुलं हसतात.

मग तिला हृदयाचा झटका आला. इस्पितळातला तरुण डॉक्टर माझ्याकडे बघून विचारू लागला, "आजींना कितपत दुखतंय?" मी तिच्याकडे बोट केलं. ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "छातीत. आठ." त्यांनी लगेच इंजेक्शन दिलं. कोणी चार धरून तिला थांबवून ठेवलं नाही. दत्ताने मला काय दिलं विचाराल तर हे दिलं, आणि एका बाईच्या हातून दिलं जिला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

दुपारी तिने डोळे उघडले. म्हणाली, "अहो, आता कमी झाला." मी किती ते विचारलं नाही. ती म्हणाली ते मानलं, आणि तिचा हात धरून बसून राहिलो.