काळ्याची गाठ

“हा ट्यूमर आहे. म्हणजे कातडीतली गाठ, वाढत जाणारी,” सांगलीच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. मग काळ्याच्या गाठीजवळ बोट नेऊन विचारलं, “आणि हा डाग कुणी दिला?”

मीच दिला होता. आम्ही म्हसवडकडचे मेंढके. दुखेल तिथं तापली सळई टेकवायची, हीच आमची डॉक्टरकी. मी मान खाली घातली. बायको गप्प बसते होय? “ह्यांनीच, सायेब. लय शाणं हायती!”

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. खतासाठी शेतात मेंढरं बसवायला माधवनगरजवळ उतरलो होतो. काळ्या आमचा राखणीचा कुत्रा. बरगडीवर लिंबाएवढी गाठ आली, डागल्यावर फुटली, रक्त थांबेना. तो गेला तर कळप लांडग्याच्या तोंडी. आणि खरं सांगू, माझा त्याच्यावर पोरासारखा जीव होता.

“डागल्यामुळं गाठीची कड कळत नाही,” डॉक्टर म्हणाले. “मार्जिन, म्हणजे भोवतीची चांगली कातडीसुद्धा, जास्त कापावी लागेल. जगेलच असं सांगत नाही.”

अनेस्थेशिया, म्हणजे भूल दिली. मी पाय धरून उभा. तळहाताएवढी कातडी निघाली! आत श्वासासरशी बरगड्या हलताना दिसल्या, आणि काळ्या निवांत घोरत होता. माझे हात आपोआप जोडले गेले. डॉक्टर खेकसले, “हात कसले जोडता? पाय धरा!”

गाठ बायॉप्सीला, म्हणजे भिंगाखाली तपासायला, पुण्याला गेली. भाऊबंद मेंढरं घेऊन पुढं गेले, आम्ही दोघं थांबलो. रोज दवाखान्याच्या पायरीवर. तिसऱ्या आठवड्यात निरोप आला, कडा स्वच्छ आहेत, म्हणजे गाठ सगळी निघाली.

“तरी परत येऊ शकते,” डॉक्टरांनी बजावलं. “दर पंधरवड्याला सगळं अंग चाचपत जा.”

मेंढरू न् मेंढरू रोज चाचपणारा मी, राखणाऱ्याला कधी हात लावून बघितलं नव्हतं. तुम्ही बघत जा, बाबांनो. आणि गाठ लागली तर डागू नका, दवाखाना गाठा.

जखमेवर केस आले ते पांढरे. त्या पट्ट्यानिशी काळ्यानं चार वर्षं कळप राखला.

तो गेल्यावर मी मुद्दाम सांगलीला गेलो. काळ्या गेल्याचं सांगताच डॉक्टरांचा चेहरा पडला. “गाठ परत आली?”

“न्हाई सायेब. म्हातारा हून गेला.”

डॉक्टर खुर्चीतून उठले, आणि या वेळी त्यांनीच मला हात जोडले.