आबांचा ट्रक चढावरच का थांबायचा

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. पप्पांचा नियमच आहे, "गॅरेजमधलं गॅरेजमध्ये." गिऱ्हाइकाच्या गाडीत काय सापडलं, कुणी काय उद्योग करून ठेवला होता, ते दाराबाहेर जाता कामा नये.

पण आमच्या गॅरेजमध्ये एक पत्र्याचा डबा आहे. गाडी जोडून झाली की कधी कधी एखादा स्क्रू उरतो, तो त्यात टाकतात. "कंपनीच जास्तीचा देते गो," असं दिनूकाका गंभीर चेहऱ्याने सांगतात. किश्शांचंही तसंच होतं. उरतात आणि साठत जातात. वर्गात मी फारशी बोलत नाही, त्यामुळे माझा डबा तर काठोकाठ भरलाय!

आमचं गॅरेज पुनावळ्यात, हायवेच्या सर्व्हिस रोडला. पप्पा मूळचे लातूरकडचे. दिनूकाका कोकणातले आणि पप्पांचे पहिल्यापासूनचे जोडीदार. शाळा सुटली की मी तिथे एका जुन्या टायरवर बसून अभ्यास करते. म्हणजे पुस्तक उघडं असतं.

*

आबांचा ट्रक आला तो ट्रॅक्टरच्या मागे साखळीने बांधून. आबा चाकणजवळच्या एका गावचे शेतकरी. स्टिअरिंगवर स्वतः बसले होते, टोपी घालून, ताठ. बघणाऱ्याला वाटावं, ट्रकच ट्रॅक्टरला ढकलतोय!

हा ट्रक पेट्रोलवरचा. आबांच्या वडिलांनी लष्कराच्या लिलावात घेतलेला. त्यांच्या घरची रीत अशी, की घरातली लेक सासरी जाते ती याच ट्रकमधून. आबांच्या बहिणी गेल्या, मुली गेल्या. आता नातीचं, प्राजक्ताताईचं, लग्न ठरलं होतं. मुलगा रहाटणीचा. आणि ट्रक बंद!

आबांचा मुलगा विलासकाका चाकणला कंपनीत सुपरवायझर आहेत. ते पप्पांना स्पष्टच म्हणाले, "हे बघा भाऊ, लग्नाला स्वतःच्या चाकांवर आला तर राहील. नाहीतर भंगारवाल्याला शब्द दिलाय मी."

आबांनी बॉनेटवर हात ठेवला. "मंग त्याला सांग, मोठा काटा घेऊन ये. संगं मी बी बसतो!"

*

पप्पांनी दोनच दिवसांत निदान केलं, दोष कार्बोरेटरचा. पेट्रोल आणि हवा किती किती मिसळायची हे जिथे ठरतं, ते इंजिनाचं स्वयंपाकघर. पण दुरुस्त करायचा तर आधी तो कोणता हे कळायला हवं. नंबर त्याच्या अंगावर कोरलेला असतो, आणि इथे अंगच दिसत नव्हतं. दर दसऱ्याला ट्रक रंगवायचा आणि उरलेला रंग कार्बोरेटरला लावायचा, असं आबांचं वर्षानुवर्षं चाललं होतं.

"अहो आबा, याला कशाला रंग?" पप्पा म्हणाले.

"काळीज हाय ते गाडीचं. सणाला त्याला नवं कापड नको व्हय?"

पप्पा हलक्या हाताने खरवडू लागले. चंदेरीखाली निळा निघाला, निळ्याखाली हिरवा. शेजारी उभे असलेले विलासकाका सहज बोलून गेले, "हा निळा ताईच्या लग्नाचा. हिरवा, मी दहावी झालो तेव्हाचा. हा भगवा तर मीच लावला होता, हात रंगले म्हणून आईने बदडलं होतं..."

दिनूकाका म्हणाले, "साहेब, भंगारवाल्याला हे सगळं सांगणार, की नुसतं वजन सांगणार?"

विलासकाका मोबाइलमध्ये बघायला लागले.

*

नंबर मिळाला. पप्पा मला मागे बसवून निगडीला स्पेअर पार्टच्या दुकानात घेऊन गेले. काउंटरवरच्या दादाने नंबर टाइप केला, पुन्हा टाइप केला, आणि मान हलवली. "काका, सिस्टीम म्हणते अशी गाडीच नाहीये."

पप्पा शांतपणे म्हणाले, "सिस्टीमला म्हणावं, पुनावळ्याला ये. उभी आहे, हात लावून बघ!"

*

इकडे विलासकाकांनी परस्पर एक नवा कोरा कार्बोरेटर ऑनलाइन मागवला. कोणत्या गाडीचा, हे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. "नवा आहे ना? मग बसेल!"

पप्पांनी माझ्याकडून चित्रकलेचा कागद मागितला. इंजिनावर कार्बोरेटर जिथे बसतो तिथे तो ठेवून वरून ग्रीसचा अंगठा फिरवला. भोकांचा ठसा उमटला. मग तो कागद मी नव्या कार्बोरेटरखाली धरला. एकही भोक जुळेना.

"थोडं घासून, ठोकून बसवा की राव," विलासकाका म्हणाले.

दिनूकाका उडालेच. "साहेब, पत्रिकेत एकही गुण जुळत नाही, आणि ठोकून लग्न लावताय?"

तो ठसा मी माझ्या कपाटावर चिकटवलाय. मैत्रिणी विचारतात, हे कसलं चित्र? मी सांगते, फूल.

*

म्हणजे जुनाच दुरुस्त करायचा. आत पितळेचा एक पोकळ तरंगता गोळा असतो. त्याला फ्लोट म्हणतात. पेट्रोल पुरेसं झालं की तो वर येतो आणि पेट्रोलची वाट बंद करतो. आबांच्या ट्रकचा फ्लोट पप्पांनी कानाशी हलवला, तर आतून चुळुक चुळुक. कुठेतरी भोक होतं, पण दिसेना.

अशा वेळी फ्लोट गरम पाण्यात बुडवायचा. जिथून बुडबुडे येतील तिथे भोक. गरम पाणी कुठे? घर गॅरेजच्या वरच आहे. आईने चहाचं आधण ठेवलं होतं...

भोक सापडलं! पप्पांनी ते तिथल्या तिथे कथलाचा डाग देऊन बुजवलं. आई मात्र त्या पातेल्याकडे बघत राहिली. संध्याकाळी पप्पांनी चहा मागितला, तर आई म्हणाली, "घ्या की. पण आधी सांगा, साधा देऊ की पेट्रोल?"

दुसऱ्या दिवशी घरात नवं पातेलं आलं.

*

आता खरा किस्सा, जो सांगायचा नव्हता.

ट्रक सुरू झाला. असा गुरगुरला की समोरच्या सोसायटीतले लोक बाल्कनीत आले. आबांनी घरून आणलेलं पूजेचं ताट काढलं, पूजा केली आणि ट्रक घेऊन निघाले. सर्व्हिस रोडला छान चालला. हायवेच्या पुलाचा चढ लागला आणि बंद! पाच मिनिटं थांबले, पुन्हा सुरू. थोडं वर गेले, बंद!

ट्रक परत आला. पप्पांनी कार्बोरेटर उघडला, धुतला, हवेच्या पाइपने फुंकला, जोडला. आधी स्वतः पुलावर नेऊन आणला. लोण्यासारखा चढला! आबा आले, पूजा झाली, निघाले. पुलावर बंद!

पप्पा त्या रात्री जेवताना आईला म्हणाले, "हात गेला की काय माझा? मी नेलं की चालायलंय, त्यांनी नेलं की बंद पडायलंय." लग्न चार दिवसांवर आलं होतं.

पप्पांनी तिसऱ्यांदा कार्बोरेटर धुतला, तेव्हा ते काळं पेट्रोल ओतून द्यायच्या आधी मी आमच्या जुन्या, बाद झालेल्या चहाच्या गाळण्यातून गाळलं. गाळण्यात थोडा गंज राहिला. आणि गंजात तांदळाचा एक दाणा. कुंकवाचा लाल.

मग मला पूजा आठवली. आबा एअर फिल्टरचं झाकण काढायचे, "देवाचं दार उघडं पायजे" म्हणून, आणि अक्षता थेट कार्बोरेटरच्या तोंडात वाहायचे! त्यातला एखादा दाणा बारीक नळीतून आत पडायचा. सपाटीला काही नाही. चढाला इंजिन जोरात पेट्रोल ओढायचं, की दाणा जाऊन पेट्रोल येण्याच्या छिद्रावर बसायचा. थांबलं की सुटायचा.

मी दाणा पप्पांच्या तळहातावर ठेवला. पप्पांनी तो उजेडात धरून बघितला. मग हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना त्या आठवड्यात पहिल्यांदाच बघितलं.

"सांगायचं आबांना?" दिनूकाकांनी विचारलं.

"त्यांच्या पोरासमोर? नातीच्या लग्नात? अजिबात नाही," पप्पा म्हणाले. "गंज होता. काय होतं?"

"गंज," आम्ही दोघं म्हणालो.

पण पूजा तर परत होणारच होती.

*

लग्नाच्या आदल्या दिवशी आबा ट्रक न्यायला आले. सोबत विलासकाका, प्राजक्ताताई आणि भावकीतली दहा-बारा माणसं. आबांनी झाकण काढलं. पप्पा दिनूकाकांकडे बघतायत, दिनूकाका आभाळाकडे. आबांनी अक्षतांची चिमूट उचलली.

मला बोलता येईना. इतकी माणसं! मी नुसती पुढे झाले आणि कार्बोरेटरच्या तोंडावर माझा तळहात उलगडून ठेवला.

आबांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग पप्पांकडे. मग पुलाकडे. शेवटी त्यांनी अक्षता माझ्या तळहातावर वाहिल्या, वर हळदीकुंकू टेकवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आमच्यात असंच असतं. पोरीच्या हातावर वाहायच्या!"

"कधीपासून?" विलासकाकांनी विचारलं.

"पहिल्यापासनं! तुझं कुठं लक्ष असतं?"

ट्रक पुलावर चढला तेव्हा पप्पा रस्त्याच्या मधोमध उभे राहून बघत होते. मागचे हॉर्न वाजवत होते, तरी हलले नाहीत. लग्नानंतर प्राजक्ताताई त्याच ट्रकमधून रहाटणीला गेली. भंगारवाला आला होता म्हणे, पण जेवून गेला.

आता गंमत ऐका. गेल्या आठवड्यात आबांच्या गावचा एक माणूस नवा कोरा इलेक्ट्रिक टेम्पो घेऊन गॅरेजवर आला. सोबत त्याची छोटी मुलगी, नवा फ्रॉक घातलेली. पप्पांना म्हणाला, "भाऊ, उद्या दसरा हाय. आमच्या गावात आता सगळेच करत्यात. तेवढं सांगा, ह्या गाडीत पोरीनं हात कुठं ठेवायचा?"

पप्पांनी बॉनेट उघडलं, आत बघितलं, डोकं खाजवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

थांबा, खाली तोच गुरगुरणारा आवाज येतोय. आबाच असणार, आणि पप्पा ओरडतायत, "अगं ए, आबा आलेत, चल लवकर, हात धुऊन ये!" तर पप्पा मला म्हणाले, की तूच सां...