देवराईतल्या माशीचा फोटो
फोटो धुवायच्या हायपोचा वास आला, की चाकणजवळची ती देवराई आठवते. बैलांना चावणाऱ्या माशा तिथेच पैदा होतात, तोडा ती झाडं, असं पत्रक मीच छापलं होतं. वर देवराईत पकडलेल्या माशीचा मोठा फोटो. गावाने कुऱ्हाडी काढल्या. गुरं राखणाऱ्या म्हातारीने मात्र फोटो निरखला. "बसती कशी ही?" मी टाचणीला टोचलेली माशी पुढे केली. "मेलेलीचा फोटू काढलास व्हय रं शहाण्या? चल, जित्ती दावते." देवराईत ती माशी करवंदीच्या फुलापुढे हवेतच थांबली होती. गोठ्यात बैलाच्या पायावर तोंड वर करून बसलेली माशी निराळीच निघाली. "चावती ती ही. उकिरड्यातली." स्वतःचाच संताप आला, झाडांवर कुऱ्हाड पडण्याआधी दारोदार फिरून पत्रकं परत मागितली. अजूनही फोटो छापण्याआधी मी विचारतो, ही बसते कशी?