अंबाड्याविना फुगडी

गुंद गावच्या शांतीला गर्विष्ठ म्हणणारे गावात कमी नव्हते, आणि खोटं कशाला बोला, ती होतीच. फुगडीची सगळी गाणी तिला तोंडपाठ. एखादी बाई कडवं चुकली की शांती मान वेळावून अशी बघायची की त्या बिचारीनं पुन्हा तोंड उघडू नये.

मग मनाचा आजार आला. कधी झोपेविना अखंड बडबड, कधी भिंतीकडे तोंड करून नुसतं पडून राहणं. गाणी तर पार विसरली. दांडेलीच्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी ती हळूहळू माणसात आली. भात लावताना तिच्या तोंडून आपसूक गाणं निघालं, तेव्हा सासू बाळी चिखलातच रडली.

पण पुढं केस गळू लागले. फणीत पुंजके, उशीवर पुंजके. बाळीनं माक्याचं तेल चोळलं, देवाला नारळ ठेवला आणि शेवटी वैतागून म्हणाली, "टाक त्या गोळ्या चुलीत!"

"न्हाई आत्ती. गेल्या साली सोडल्या, तवा काय झालं ते तुमीच बघितलंसा. केस जाऊ देत. गाणं न्हाई जाऊ देणार."

बोलली खरी, पण आरशापुढं भरपूर रडली. मग बस धरून दांडेलीला गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या गोळीनं असं क्वचितच होतं. दुसरी देते, पण ही एकदम सोडायची नाही, हळूहळू कमी करू. केस बहुतेक परत येतील. वेळ लागेल."

गणपतीची चवथ काही थांबणार नव्हती. गावची रीत अशी, की गणपतीपुढं पहिलं गाणं म्हणणारीच्या अंबाड्यात थोरल्या बाईनं अबोलीचा वळेसर, म्हणजे गुंफलेला गजरा, माळायचा, मगच फुगडी. पहिलं गाणं नेहमीसारखं शांतीचं, आणि यंदा माळायचा मान बाळीचा. वळेसर घेऊन ती सुनेपुढं उभी राहिली, पण माळणार कशात? पदराखाली चार केस उरलेले.

"औंदा माझ्या अंकिताला म्हणू दे की," शेजारची अनुसया म्हणाली. "तिचा अंबाडा हाय."

शांतीनं पदर आणखी पुढं ओढला. तेवढ्यात बाळीनं वळेसर गणपतीच्या पायांवर ठेवला.

"अंबाडा गाणं म्हणतोय व्हय गं, अनसू?" ती कडाडली. "माझी सून म्हणणार!"

शांतीनं डोईवरचा पदर काढून कमरेला खोचला. सगळ्यांनी बघितलं, तिनं बघू दिलं. मग ताठ मानेनं तिनं पहिली ओळ उचलली, आणि ती झेलायला सगळ्यांत आधी बाळीचा आवाज आला.