माझंच हाय ते
प्रिंटरच्या गरम कागदाचा वास आला की नाशिक रोडचं आमचं कॉलेज आठवतं. इंटरनेट तेव्हा नवं होतं. "वाचा, पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका," असं बजावून मी मुलांकडून निबंध मागवले. सायखेड्याहून एसटीने येणाऱ्या एका मुलीने गोदावरीच्या पुरावरच्या तीन लेखांतल्या चुका दाखवल्या होत्या. मी भर वर्गात विचारलं, "कुठून उतरवलंस?" ती म्हणाली, "सर, लेख वाचले, मग गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. माझंच हाय ते." वर्ग हसला. मी शून्य दिलं. महिन्याभराने ते लेख मी स्वतः वाचले. तिचं एकही वाक्य त्यांत नव्हतं. तोवर परीक्षा झाली होती. तिने गाइडमधलं उत्तर शब्दशः लिहिलं होतं, आणि त्याला मला पूर्ण गुण द्यावे लागले. ते देताना वाटलेली लाज अजून गेलेली नाही.