आदी आयशी बोल, मग पैसं

“थांब लेका, गिरणी बंद करतो.”

मी सगळ्यात जास्त कोणाचं देणं लागतो असं कोणी विचारलं, तर मी आमच्या गावच्या गिरणीवाल्या मेजरांचं नाव घेतो; आणि घेताना आजही माझ्या कपाळावर आठी चढते. आमच्याकडे, कडेगावच्या बाजूला, फौजेतून पेन्शन घेऊन आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, मग सैन्यात त्याचा हुद्दा कोणताही असो. हे मेजर तोफखान्यात होते. परत आल्यावर त्यांनी पिठाची गिरणी टाकली. भुवयांवर पीठ, मिशांवर पीठ आणि खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोठा फोन. त्या फोनवर माझं कॉलेज झालं, आणि त्याच फोनपायी तीन वर्षं माझा जीव मेटाकुटीला आला.

मी सांगलीला बीएस्सी करत होतो, होस्टेलवर राहून. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. घरी कधी येतील याचा नेम नसे. माझा वरखर्च आई म्हशींच्या दुधावर भागवी. डेअरीचं बिल हातात आलं की त्यातल्या काही नोटा ती दळणाच्या डब्यात, गव्हावर ठेवून गिरणीत नेई. मेजर नोटा घेत आणि आपल्या फोनवरून तेवढे पैसे माझ्या खात्यावर सोडत. गावातली निम्मी पोरं अशीच शिकत होती, कोणी कराडला तर कोणी पुण्याला. मेजर याचा एक पैसाही घेत नसत. त्यांची अट मात्र होती.

“आदी आयशी बोल, मग पैसं.”

बोलायचं म्हणजे व्हिडिओ कॉलवर, आणि स्पीकर चालू ठेवून. त्यासाठी मेजर खटका ओढून गिरणी थांबवत. गिरणी थांबली की दळणाला आलेल्या बायका रिकाम्या होत. रिकाम्या बसलेल्या बायकांपुढे आपल्या खर्चाची चौकशी होणं म्हणजे काय, हे ज्यांनी सोसलंय त्यांनाच कळेल.

“कशाला पायजेत?” आईच्या आधी मेजरच विचारत.

“झेरॉक्स काढायच्यात. आणि रिचार्ज.”

“गेल्या बारीला बी झेरॉक्सच हुती,” मागून शेवंताकाकूंचा आवाज. “समद्या सांगलीची झेरॉक्स काढतोय का काय ह्यो?”

गिरणीभर हशा.

“आन् त्येला म्हनावं, केसं काप. डोळ्यावर आल्यात.”

“काकू, तुम्ही तुमचं दळण बघा ना.”

“कुठलं दळान? तुझ्यापायीच बंद पडलंय न्हवं!”

मग फोन आईच्या हातात जाई. काचेवर पीठ बसलेलं असे. ती आधी पदरानं काच पुसायची. माझ्याकडे क्षणभर नुसतं लुगड्याचं हिरवं दिसायचं आणि मग एकदम तिचा चेहरा. “जेवलास का?” एवढंच ती विचारी. मी हो म्हणे. मग ती फोन मेजरांकडे देई, आणि पैसे येत.

माझ्या शेजारच्या कॉटवरच्या मुलाच्या फोनवर नुसतं टुंग वाजायचं आणि तो वडापाव खायला निघायचा. ना कोणी त्याचे केस बघायचं, ना झेरॉक्स मोजायचं. त्या टुंगचा मला हेवा वाटे. शेवटी मी आईला सांगितलं, “मेजरांचा नाद सोड. चौकातल्या किराणावाल्याकडे रोख दे, तोही फोनवरून पाठवतो.” आई म्हणाली, “त्याच्या फोनवर पैसं जात्यात रं. मेजरच्या फोनवर तू दिसतूस.” मी चडफडत राहिलो.

एकदा तर सहलीचे पैसे भरायचा शेवटचा दिवस होता आणि आई लग्नाला गेली होती. नोटा मेजरांच्या खिशात होत्या, तिनं जातानाच दिल्या होत्या. तरीही मेजर पाठवायला तयार नव्हते. “ऑर्डर म्हंजी ऑर्डर,” ते म्हणाले. ही ऑर्डर कोणी काढली, असं मी विचारलं. “मीच,” ते म्हणाले. सहल महाबळेश्वरला गेली आणि मी होस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घातले.

दुसऱ्या वर्षी माझा चुलतभाऊ गावी आला होता. आमच्या भागातली कितीतरी मुलं गलाईच्या धंद्यात आहेत. दूर दक्षिणेत जाऊन सोनं-चांदी गाळायची दुकानं चालवतात. तोही त्यातलाच. परत जाताना तो सांगलीला मला भेटला. “बीएस्सी करून काय काढनार हायस? चल माझ्यासंगं. तिकिटाचं तेवढं तू बघ, फुडचं माझ्याकडं लागलं.” गाडी त्याच दिवशी मिरजेहून होती. मला हात पसरायचा कंटाळा आला होता, आणि तोही चारचौघींसमोर. मी पेटी भरली आणि मेजरांना फोन लावला.

“थांब लेका, गिरणी बंद करतो.”

गिरणी थांबली. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं. “मेजर, तिकिटाला पैसे पाहिजेत. कॉलेज सोडतोय.”

पलीकडून कोणी हसलं नाही.

“आय न्हाई हितं,” मेजर म्हणाले. “औंधला गेलीया, यमाईला. उद्या येतीया.”

“मग तुम्ही पाठवा. आल्यावर ती देईल तुम्हाला.”

“आदी आयशी बोल.”

“तिच्याजवळ फोन कुठाय!”

“मग उद्या बोल.”

“गाडी आज आहे, मेजर.”

“गाडी रोजच आस्ती, गड्या.”

तेव्हा माझा तोल सुटला. “पैसे तिचे, मुलगा तिचा. तुमचा काय संबंध? कोण लागता तुम्ही माझे?”

मेजरांनी भुवयांवरचं पीठ पुसलं. मग म्हणाले, “कोन न्हाई. वीस वर्सं मी घरी मनिआर्डर धाडली. म्हैन्याच्या म्हैन्याला. पैसं पोचलं. मी न्हाई पोचलो. म्हातारी आय गेली तवा तिला माझा आवाज बी ठावा नव्हता.” आणि त्यांनी फोन कट केला.

खरं सांगतो, त्या वेळी माझं मन काही विरघळलं नाही. त्यांच्या म्हातारीचा आणि माझ्या तिकिटाचा काय संबंध, असंच मला वाटलं. चुलतभाऊ स्टेशनवरून फोन करत राहिला आणि मी भरलेल्या पेटीवर बसून राहिलो. गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी आई औंधहून उतरली ती तशीच गिरणीत आली. कपाळावर देवीचा मळवट होता. तिनं काच पुसली. “जेवलास का?” मी त्या दिवशी पहिल्यांदा नाही म्हणालो, आणि मग सगळंच बोललो. वर्गातलं इंग्रजी डोक्यावरून जातं, शिकून नोकरी लागेल की नाही कोण जाणे, सगळ्या गिरणीसमोर पैसे मागायची लाज वाटते. एवढं मी तिच्याशी आधी कधी बोललो नव्हतो. माझ्या मागे होस्टेल ऐकत होतं, तिच्या मागे गाव. आता मला त्याचंही काही वाटेना.

आई म्हणाली, “जायाचं तर जा. तिकिटाचं मी देती. पर एवढं वरीस भरलंस, तर पेपर देऊन जा. कवा हायत?”

“पुढच्या महिन्यात.”

“मग तवर जेवायचं पैसं मेजरकडं देती.” आणि ती शेवंताकाकूंकडे वळली, “काकू, ह्याला परत हसायचं न्हाई. सांगून ठेवती.”

मी पेपर दिले. पास झालो. तोवर चुलतभावाच्या दुकानात दुसरा मुलगा लागला होता, आणि पुढच्या वर्षाची फी भरायची तारीख आली होती. असा मी पदवीधर झालो. यात मेजरांचं शहाणपण किती आणि आडमुठेपणा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ज्याचे उपकार आहेत त्याच्यावर धड रागावताही येत नाही, हा एक वेगळाच जाच असतो.

निकालाचे पेढे घेऊन गेलो तर त्यांनी गिरणी थांबवली, पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, “आयला सांगितलंस?” हो म्हणालो. “मग मला कशाला?” आणि खटका ओढला.

पुढे मी फलटणकडच्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये लागलो. पहिल्या पगारातले पैसे आईसाठी मेजरांच्या फोनवर पाठवले. सीझन ऐन भरात होता, पुढ्यात रसाचे नमुने रांगेनं उभे होते. टुंग वाजलं. पैसे परत आले होते! पाठोपाठ फोन आला. “आय हितंच बसलीया. आदी बोल.” मी हातातली नळी खाली ठेवली आणि दात ओठ खात बोललो.

आता त्या गिरणीला कुलूप आहे. तोफा आणि गिरणी यांनी मिळून मेजरांचे कान पार नेले, आणि मुलगा त्यांना साताऱ्याला घेऊन गेला. दिवाळीआधी मी मुलाच्या नंबरवर फोन केला. त्यानं तो मेजरांच्या कानाला लावला. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं. पलीकडे श्वास ऐकू येत होता. मग तोच आवाज आला.

“थांब लेका, गिरणी बंद करतो.”

ते उठून कुठेतरी गेल्याचं मला ऐकू आलं. त्या घरात गिरणी नाही. मुलगा म्हणाला, “त्यांच्या कानात ती चालूच असते.”

त्या आठवड्यात मी त्यांना मोठ्या अक्षरांत पत्र पाठवलं. ते असं:

“मेजर, साष्टांग नमस्कार.

गिरणी बंद करू नका. मी लिहून बोलतोय.

त्या गाडीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. महाबळेश्वरही अजून बघितलेलं नाही. दोन्ही तुमच्या नावावर आहेत.

आईनं आता स्वतःचा फोन घेतलाय. त्याच्या काचेवर पीठ नसतं, तरी ती आधी पदरानं पुसते आणि मग बोलते. शेवंताकाकू विचारतात की मेजरांना तिथं दळण कोण देतं.

मी जेवलो. तुम्ही वेळेवर जेवत चला.

दिवाळीचं म्हणून तुम्हाला काही पाठवायचं माझ्या मनात आहे. या पाकिटात शोधू नका, त्यात काही घातलेलं नाही. आधी बोलतोय.”