रंग गेलेलं पाणी

दादा गेल्याचा इस्पितळातून फोन आला, तेव्हा मी त्याच्यासाठी मऊ भात लावत होते. गॅस बंद केला की नाही, तेही आठवत नाही... दीड महिना झाला, पण जीव थाऱ्यावर नाही. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की कशाला उठले ते सुचत नाही.

माझा हा थोरला भाऊ झाशीत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. निवृत्त झाला आणि खंडेराव गेटजवळच्या आमच्या घराची गच्ची त्यानं बळकावली. माझी पापड वाळवायची जागा गेली! काचेच्या पट्ट्यांवर दोन अर्धवाहकांचा एकत्र थर द्यायचा, वायरी जोडायच्या आणि चिरगावला कापड रंगवणाऱ्या रामसेवकजींकडच्या जांभळ्या सांडपाण्यात त्या बुडवून उन्हात ठेवायच्या. ऊन आणि थोडी वीज मिळून रंग तोडतात, म्हणे. "एकट्याला जमत नाही कुंदे, जोडीदार लागतो." आणि हे सांगणारा स्वतः बिनलग्नाचा! मी पोट धरून हसायचे.

पुढे रामसेवकजींच्या टाकीतही त्यानं तशाच मोठ्या पट्ट्या बसवल्या. एका दुपारी आमच्या गच्चीवरचं पाणी पार नितळ झालं. दादा खाली जेवत होता, पण मला कुठला धीर! मीच फोन लावला, "भैया, पानी साफ हो गया." त्यांच्या टाकीतलाही रंग उडाला होता. त्यांनी सगळं नाल्यात सोडून दिलं.

दादाला कळलं तेव्हा तो भरल्या ताटावरून उठला. "रंग गेला म्हणजे विष गेलं, असं कुणी सांगितलं तुला? रंगाचे तुकडे उरतात त्यात!" मग आठ दिवस अबोला. त्यातच ताप, इस्पितळ... त्याची माफी मागायची राहूनच गेली. हेच मला खातंय.

परवा त्याची खोली उघडली. खिडकीत दोन वाट्या होत्या. पाणी शेवटी मेथीला पाजून बघायचं, ही त्याची जुनी खोड. 'नळ' लिहिलेल्या वाटीत मोड येऊन वाळले होते. 'गच्ची' लिहिलेल्या वाटीत एकाही दाण्याला मोड नव्हता.

तिथंच उभी असताना रामसेवकजींचा फोन आला. "दीदी, टंकी के नए पानी का भी रंग चला गया. छोड़ दें?"

"नहीं भैया, मत छोड़िए."

"पर पिछली बार तो मास्टर साहब ने कहलवाया था, साफ है."

"मैंने कहा था. उन्होंने नहीं. ग़लत कहा था मैंने."

मग मीच म्हटलं, "एक बोतल पानी भिजवा दीजिए." आणि स्वयंपाकघरात जाऊन मेथीचा डबा काढला.